मागून आलेली हाक

एकोणीसशे शहात्तर साली ईद आठ दिवसांवर आली होती, तेव्हाची ही गोष्ट. रोमलाने सकाळीच मुलाला सांगून टाकलं, "तुझ्या त्या पोरीला मी तनाह अबांगला घेऊन जाते. हो की नाही ते संध्याकाळी सांगते."

मुर्शिदने आईच्या वहाणा आणून दारात ठेवल्या. जाकार्तात दुकानं काय थोडी होती? पण ज्या बाईला तनाह अबांगच्या कापडबाजारात भाव करता येत नाही तिला संसारही करता येणार नाही, हे त्याच्या आईचं मत अख्ख्या गल्लीला पाठ होतं. गल्ली तिला न्याक म्हणायची, म्हणजे आई, आणि तिच्यासमोर मान हलवायची.

पोरीचं नाव कुस्तिया. पेकालोंगानच्या एका बाटिकवाल्याची ही मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून बापाच्या दुकानात बसलेली. आता मावशीकडे राहून शिवणकाम करायची. बाजारात शिरता शिरता रोमला तिला म्हणाली, विकता येतं म्हणून विकत घेता येतं असं समजू नकोस. आज नुसतं बघ. अर्ध्याहून खाली मागायचं. नाही म्हणाला की उठायचं आणि चालू लागायचं, मागे वळायचं नाही. दहा पावलांच्या आत हाक येते. तीस वर्षांत ती आली नाही असं एकदाही झालेलं नाही.

शफ्रिलच्या दुकानात बाटिकच्या थप्प्या छताला लागल्या होत्या. पश्चिम सुमात्राचा माणूस, म्हणून सगळे त्याला उदा म्हणत, आपल्या दादासारखं. रोमलाने निळ्या पक्ष्यांचं एक कापड ओढून काढलं. मनात ते कधीच भरलं होतं, पण तोंड असं केलं की जणू पोछा उचललाय.

शफ्रिल चार हजार रुपिया म्हणाला. रोमला पंधराशे म्हणाली. त्याने आपल्या मुलांची नावं घेतली, तिने आपल्या गुडघ्यांची. तो अठ्ठावीसशेवर येऊन अडला, ती दोन हजारांवर. एवढ्याला तर मलाच पडलंय, असं म्हणत तो शपथ घ्यायला लागला तेव्हा तिने बोट वर केलं.

"उदा, रोजा आहे. तोंड सांभाळ."

त्याने तोंड मिटलं, पण भाव काही सोडला नाही. रोमला उठली, ओढणी झटकली आणि चालू लागली.

तीन पावलं. चार. मागून काही नाही. सहाव्या पावलाला तिला आठवलं की ईदेच्या आठवड्यात दुकानदाराला गिऱ्हाइकांचा तोटा नसतो. आठव्याला तिने पाऊल लहान केलं. नववं तर जवळजवळ जागच्या जागीच पडलं. कापड जाणार होतं ते जाणारच होतं, पण ती पोर बघत होती. गल्लीत तोंड कसं दाखवायचं?

"या न्याक, परत या. एवढ्या उन्हातून आलात, रिकाम्या हातानं कशा जाल? तुमच्यासाठी म्हणून अडीच हजार."

काय गोड हाक होती! रोमलाने सुटकेचा श्वास गिळला, चेहऱ्यावर कंटाळा आणला आणि सावकाश वळली. शफ्रिल तोंड वासून बसला होता. हाक त्याची नव्हती. दुकानाच्या पायरीवर कुस्तिया उभी होती, एक हात गिऱ्हाइकाला बोलवायला उचललेला, आणि दुसरा आता तोंडावर गेलेला. गिऱ्हाईक पाठ फिरवून चाललेलं दिसलं आणि पोरीची जीभ आपोआप सुटली होती.

रोमला तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बावीसशे," ती म्हणाली.

कुस्तियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण भाव विचारला गेला होता. "अडीच, न्याक."

"तू कुणाकडची गं?"

"कापडाकडची," ती हळूच म्हणाली. "दोन्ही अंगांनी मेण घातलंय. रंग दोनदा चढवलाय. याच्याखाली कुणालाच परवडायचं नाही."

रोमलाने शफ्रिलकडे पाहिलं. "खरं बोलते का ही? रोजा आहे."

शफ्रिलने छताकडे पाहिलं, थप्प्यांकडे पाहिलं. "खरं आहे," तो पडलेल्या आवाजात म्हणाला आणि स्वतःचंच कापड, कुणीतरी दुसऱ्यानेच विकलेलं, घडी करून बांधायला लागला.

दोघी घरी पोचल्या. मुर्शिद दारातच उभा होता.

"तीनशे रुपियाला बुडवलं हिनं मला," ती म्हणाली. "तारीख काढा."

लग्न हज महिन्यानंतर झालं. मुर्शिदला पुढे जन्मभर कुणी बाजारात नेलं नाही आणि त्याचीही काही तक्रार नव्हती. कुस्तियाला शफ्रिलने दुसऱ्याच आठवड्यात दुकानात बसवलं, आणि गावी परत जाताना दुकान तिलाच देऊन गेला. रोमला आणखी अठरा वर्षं जगली. दर ईदेला ती तनाह अबांगला जायची, सुनेच्या दुकानात बसून पाय चोळून घ्यायची, आणि कापड मात्र समोरच्या दुकानातून आणायची. घरचं दुकान सोडून तिकडे का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "सून हाक फार गोड मारते. मग माणसाला भावच करवत नाही."