सुंठीच्या गोदामातलं गाणं

"पैज लावतो, एकाचाही विश्वास बसणार नाही," पैली म्हणाला. मट्टांचेरीच्या टपरीवर हशा पिकला. गेल्याच महिन्यात त्यानं म्हणे देवमाशाला विडी पाजली होती.

पैली सुंठीच्या जुन्या गोदामाचा राखणदार. तिथे एका कलावंतानं पितळेचे शंभर हंडे छताला टांगले होते आणि दारावर पाटी लावली होती: 'जे आयुष्य तुम्ही जगला नाहीत, त्यातलं गाणं ऐका.'

"काल दुपारी हंड्यांखाली उभा राहिलो, तर वर आमची थ्रेस्या गात होती. होडीचं गाणं, अख्खं!"

पैलीची बायको थ्रेस्या जन्मापासून मुकी. तिनं एकदा तरी बाकीच्या बायकांसारखी 'पैलीचेट्टा' अशी नावानं हाक मारावी, एवढीच त्याची चाळीस वर्षांची आस. आत्ताही ती टपरीवरच पाठमोरी केळ्याची भजी तळत होती. तिनं कढईवर झारा आपटला, की समजायचं, थापा पुरे.

"मग रडला असाल, पैलीचेट्टा?" बाकावरच्या औसेपनं डिवचलं.

"मी? छट्! टिपूससुद्धा नाही."

झारा आपटला नाही.

"खोटं, पैलीचेट्टा," थ्रेस्या मान न वळवता म्हणाली. "ढसाढसा रडत होता तुम्ही. हंड्यातून वाकून बघत होते ना मी."