पहिल्या भेटीचे प्रश्न

"काका, हा फॉर्म भरा. डॉक्टरांचा वेळ वाचतो," असं म्हणत काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला, तेव्हा मला तडक घरी निघून जावंसं वाटलं.

हा माझा चौथा होमिओपॅथ. त्रास म्हणाल तर फारसा नाही, पाठ जरा धरते इतकंच. पण पहिल्या भेटीत हे डॉक्टर तासभर तुमची चौकशी करतात. गोड आवडतं की आंबट? कोणत्या कुशीवर झोपता? विजांची भीती वाटते का? दुसऱ्या भेटीपासून मात्र नुसतं "कसं वाटतंय?" विचारून दोन मिनिटांत गोळ्या हातात देतात. म्हणून मी डॉक्टर बदलतो. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या तीन बाटल्या कपाटात तशाच पडल्या आहेत. बायको गेल्यापासून घरी येऊन मला काही विचारतो तो एकटा इस्त्रीवाला. "किती कपडे?"

आणि इथे तर सगळे प्रश्न छापूनच ठेवलेले!

"जरा वाचून दाखवता का? चष्मा घरीच राहिला," शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी त्यांचा फॉर्म घेतला.

"गोड आवडतं की आंबट?"

"आमच्याकडे सगळ्यांना गोडच लागतं."

"तुम्हाला काय आवडतं?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आंबट. मीठ लावलेली कैरी." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला हो?"

तेवढ्यात मुलीने माझं नाव पुकारलं.

"पुढचा पेशंट घ्या!" मी जवळजवळ ओरडलोच.