आदी उजेड

बसा पावणं, माझ्या नातीची एक गंमत सांगतो. आमची एस्तेर चर्चच्या शाळंत तिसरीला हाय. तितं सगळं तोंडपाठ करून घेत्यात, बायबल काय, लॅटिन काय. घरी रोज कुनीतरी ऐकायचं, असा बाईंचा हुकूम. मी हुपरीत पैंजण घडवनारा, मला कुटलं लॅटिन! मग मी मुद्दाम चुकीचं बोलून तिला चिडवायचो. "पयल्या दिवशी देवानं मासं केलं," म्हनलं की झोपंतनं उठून वरडायची, "ए आज्या, आदी उजेड! मासं मागनं!"

काल जिन्यावरनं पडली. त्या दारामागं आयसीयूत हाय, डोळं उघडंना. डॉक्टर म्हनले, "आजोबा, तिच्या ओळखीचं काहीतरी बोलत राहा." सकाळपास्नं बोलतोय की. पन ते मासं काय तोंडातनं निघंना. लेकरू असं पडलेलं, आनि देवाचं वाकडं बोलायचं? जीभच रेटंना.

तुमच्या गळ्यात तुळशीची माळ हाय, तुमचं आमच्या देवाशी काय भांडान न्हाय. सिस्टरला सांगतो मी, सोडतील. आत या, पावणं, आनि तिच्या कानाशी तेवढं चुकीचं म्हना.