पहिलं गाव

पूर ओसरल्यावर चौकशी बसली, तेव्हा पूर-इशाऱ्याचा प्रोग्राम लिहिणारे दोघेही हात झटकून मोकळे झाले. "माझ्या भागात चूक नाही!"

पाण्याचा अंदाज बांधणारा भाग दिघेसरांनी फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला, गावांना इशारा पाठवणारा तन्वीरने पायथन या नव्या भाषेत. साहेबांना उद्घाटनाची घाई, म्हणून शर्वरीने दोन्ही एका दुपारी जोडून टाकले होते.

चूक खरंच त्या दोघांची नव्हती. एक भाषा यादी एकपासून मोजते, दुसरी शून्यापासून. शर्वरीच्या जोडणीत यादीतलं पहिलंच, धरणाखालचं गाव गळलं. बाकी सगळ्यांना मेसेज गेला.

ती बोलायला उठली, तोच त्या गावच्या तरुणाने टेबलावर मोबाइल ठेवला.

"आईचा आहे. चिखलात सापडला. तांदळात ठेवून वाळवला, आज चालू झाला." त्याने तो शर्वरीपुढे सरकवला. "बघा बरं, आता तरी आलाय का तुमचा मेसेज?"