कापलेल्या वेलीची सावली

वेल कापली गेली, पण तिची सावली जमिनीवर तशीच राहिली.

स्वरदानं पुन्हा कात्री चालवली. संगणकाच्या पडद्यावरच्या द्राक्षबागेतली आणखी एक वेल नाहीशी झाली, आणि तिचीही सावली मांडवाखाली पसरून राहिली. सोमवारी हा खेळ मुंबईच्या एका कंपनीला दाखवायचा होता. बिनवेलीच्या सावल्या बघून ते लोक हसले असते. पण खरं सांगायचं तर स्वरदाचं लक्ष सावल्यांत नव्हतंच. ते मागच्या टेबलावर होतं. तिथे सई आणि मोहिनी एकाच डब्यातून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खात होत्या.

सई आणि नागलीची भाकरी! जी बाई ज्वारीच्या भाकरीलाही नाक मुरडायची, ती आता बोटं चाटत होती.

खेळणाऱ्याला बाग दिसते, पण ती आतून चालवणारं इंजिन, म्हणजे मूळ प्रोग्राम, वेगळंच असतं. हे इंजिन सई आणि स्वरदा, दोघींनी मिळून लिहिलं होतं. गंगापूर रोडवर एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत, कॉलेज सुटल्यापासून. भांडायला दोघी, रविवारी मिसळ खायला दोघी, चुका शोधायला दोघी. मग पावसाळ्याच्या तोंडाला पेठ तालुक्याकडची मोहिनी नोकरीला लागली. नव्याचे नऊ दिवस, अशी स्वरदानं स्वतःची समजूत घातली. ते नऊ दिवस संपून दिवाळी तोंडावर आली, तरी नवलाई काही ओसरेना. सई आता मोहिनीच्या स्कूटरवरून घरी जायची. सकाळीही तिच्याच मागे बसून यायची. रविवारची मिसळ काही ना काही कारणानं राहून जात होती. गळ्यात मोहिनीची ओढणी होती, आणि परवा तर सई चक्क 'लय भारी' म्हणाली.

स्वरदाच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नव्हतं. पोटात दुखत होतं आणि ते तिचं तिला कळतही होतं. म्हणून काय ते कमी होतं? आज संध्याकाळी मोहिनी खाली उतरली, की सईला सरळ सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती राहील, नाहीतर मी.

जेवण झाल्यावर मोहिनी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. सावलीचं काही समजलं का, असं तिनं विचारलं. स्वरदानं वळूनही न बघता उत्तर दिलं. इंजिन कुणाचं आहे ते जरा कळू दे हिला, असा सूर होता. इंजिन क्षणाक्षणाला सगळी बाग तपासत बसत नाही, ती म्हणाली, तसं केलं तर खेळ रांगायला लागेल. जे नवं आलं त्याच्यावर खूण होते, जे बदललं त्याच्यावर खूण होते. खुणा बघायच्या आणि तेवढंच पुन्हा रंगवायचं. सावलीलाही तेवढंच कळतं.

"आणि जे गेलं ते?" मोहिनीनं विचारलं.

"जे गेलं त्याच्यावर खूण करणार कुठे? ते जागेवर नाहीच ना," स्वरदा म्हणाली आणि थांबली. बोलता बोलता तिला चूक सापडली होती. चूकही तिचीच, पहिल्या वर्षी लिहिलेली.

मग तिनं इंजिनाला हजेरी घ्यायला शिकवलं. मघाशी कोण होतं, आता कोण नाही, हे ताडून बघायचं आणि जो नसेल त्याची वर्दी सावलीला द्यायची. तिनं वेल कापली. वेल गेली, सावलीही गेली. जुन्या सवयीनं स्वरदानं आधी सईकडे बघितलं. जी चूक शोधेल तिला दुसरीनं चहा करून द्यायचा, हा दोघींचा पहिल्यापासूनचा नियम. सई उठलीही, पण मोहिनीनं आधीच आधण ठेवलं होतं. चहा उत्तम झाला होता, आणि स्वरदाचा त्यानं आणखीच तिळपापड झाला.

संध्याकाळी मोहिनी स्कूटर काढायला खाली गेली. स्वरदानं दार लोटून घेतलं आणि बोलायचंय म्हणून सांगितलं. सईनं खांद्यावरची पर्स लगेच खाली ठेवली. जणू ती कधीची थांबलीच होती.

खालून स्कूटरचा हॉर्न वाजला. किरटा, घाईचा. स्वरदाच्या अंगाचा भडका उडाला. या वेळेला इथे दुसराच हॉर्न वाजायचा, तिला आठवलं. जाड आवाजाचा, लागोपाठ दोनदा. सईच्या नवऱ्याच्या, विहंगच्या मोटारसायकलचा. 'आला बघ तुझा घोडेस्वार,' असं खिडकीतून रोज चिडवायची ती स्वरदाच. शेवटचं कधी चिडवलं होतं? तिला आठवेना. आणि विहंग सईला स्वतः पोळ्या लाटून डबा द्यायचा. त्यातली एक पोळी स्वरदाची ठरलेली. मोहिनीचा डबा टेबलावर आलेला तिला पहिल्या दिवसापासून खुपत होता. सईचा डबा कधी यायचा बंद झाला?

ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

"विहंग हल्ली घ्यायला येत नाही?"

सई खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी घर सोडलंय. गणपतीतच. मोहिनीच्या खोलीवर राहते."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"मोहिनीलाही मी सांगितलं नव्हतं," सई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "विहंग आला नाही त्या पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, ताई, आज दादा नाय आले घ्यायला?"