गजाचा धागा

सुरतेत प्लेग आला आणि तिथल्या भेस्तान भागातले यंत्रमाग थांबले. मागावरचा कामगार पोपट तापाने फणफणला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मीराबाईला बजावलं, "पंखा तुमच्या पाठीशी ठेवा. त्याचा श्वास तुमच्याकडे येता कामा नये, खिडकीतून बाहेर गेला पाहिजे."

पोपटनंच खोकत खोकत खिडकीच्या गजाला मागावरचा लाल धागा बांधला. जन्मभर धाग्यावर नजर ठेवलेला माणूस. म्हणाला, "धागा बाहेर उडतोय तवर तुला भ्या नाही."

शेवटी त्यानं हात पुढे केला होता. धाग्याकडे बघत मीराबाई पंख्यापुढून हलली नाही.

आज दुपारी त्याचं प्रेत नेलं. शेजारचा रामदास दारातूनच म्हणाला, "वहिनी, टेम्पो गावाकडं निघतोय. चला."

"पंखा बंद करून आलेच."

तिनं बटण दाबलं. पाती थांबली, धागा खाली लोंबला. मग तो सावकाश आत आला, तिच्याकडे. पुन्हा बाहेर गेला. आत येताना मध्येच अडकायचा, पोपटचा श्वास अडकायचा तसा.

तिनं घाईनं पंखा पुन्हा लावला. पाठीवर वारा लागला, पदर खिडकीकडे उडाला. धागा मात्र वाऱ्याच्या उलट तिच्याकडेच येत राहिला.

मीराबाईनं श्वास रोखला. धागाही थांबला.

टेम्पो निघून गेल्याचा आवाज आला. तिची छाती फुटायला आली होती. धागा तसाच ताठ, तिच्या तोंडाकडे रोखलेला, तिच्या श्वासाची वाट पाहत होता.