मुलाच्या तोंडचा शब्द

पाचच्या आत ठमी बोलली नाही, तर तिला नातेवाईक म्हणून आलेल्या नवसूच्या हवाली करावं लागणार होतं.

फौजदार कुमुदिनी कर्णिक सकाळी नऊपासून तिच्यासमोर फरशीवर बसल्या होत्या, साध्या साडीत. बाहेर हवालदार नाथाराव आडव्या लागलेल्या रिक्षांवर खेकसत होते आणि "हटाता हूँ मामा, हटाता हूँ," करत रिक्षावाले जागचे हलत नव्हते. रोजचंच होतं ते.

मुलांच्या जबान्या कशा घ्यायच्या, याचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन कुमुदिनी मागच्याच महिन्यात पुण्याहून परतल्या होत्या. एकोणनव्वद साली उल्हासनगरच्या त्या चौकीत हे एक नवलच होतं. मॅडम आता आरोपीला अंगाई म्हणणार, असं पाठीमागे हसूनही झालं होतं. हसोत बापडे. कुमुदिनींनी वहीच्या पुठ्ठ्यावर नियम लिहून ठेवले होते. मुलासमोर खाकी नको. मुलाला ज्याचं भय, तो त्याच्या नजरेस पडता कामा नये. आणि तांबड्या शाईत: मुलाच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, त्यात आपला घालायचा नाही.

ठमी नऊ-दहा वर्षांची. बारवीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. शहरातल्याच कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात ती सात महिने धागे कापत होती. काल गोदूबाई भाजीवालीला ती रिकाम्या पाट्यांमागे लपलेली सापडली. बोटांना कात्रीचे घट्टे पडलेले आणि तोंडाला कुलूप. पाड्याचा पत्ता तेवढा तिने गोदूबाईला सांगितला होता.

चौकीचा निरोप मिळताच नवसू पहाटे चालत निघाला होता. आता बाहेरच्या बाकावर तो अनवाणी बसला होता, टोपी मुठीत चुरगाळत.

"मी मामा हाय तिचा, बाय," त्याने सकाळीच कुमुदिनींचे पाय धरले होते. "माय जन्मताच गेली, बाप झाडावरून पडून मेला. तवा ही रांगत हुती. मीच वाढिवली, बापावानी. सात महिनं हुडकतोय. येकदा तोंड दावा तिचं. तिलाच इचारा."

कुमुदिनींनी त्याला उठवून बाकावर बसवलं. पण पोरं विकणारेही असेच पाय धरतात, हे पुण्यात शिकवलं होतं. त्यात नाथाराव हळूच म्हणाले, "हा बाबा त्या कारखान्याच्या गल्लीत घुटमळत होता, मॅडम. मी पाहिलाय."

चौकीत नियमांना न हसलेले हे एकटेच. खाकी नको म्हटल्यावर ते दिवसभर दाराबाहेर राहिले. बिस्किटांचा पुडाही त्यांनी कुमुदिनींच्याच हाती आत पाठवला. तासातासाला मात्र विचारत होते, "काय बोलली का पोर?"

पोर बोलत नव्हती. बाहुली झाली, पाटी-पेन्सिल झाली. तीन वाजले. शेवटी कुमुदिनींनी पिशवीतून सागरगोटे काढले आणि एकट्याच खेळायला लागल्या. चौथ्या डावाला ठमीने हात पुढे केला.

"बा कवा येल?" तिने विचारलं.

दिवसभरातला हा पहिला शब्द, आणि तो मेलेल्या बापासाठी. खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून कुमुदिनींनी नुसता गोटा वर उडवला.

"मी पळाले हुते," ठमी म्हणाली. "दोनदा."

"बरं."

"मामानी धरली. शेटकडं परत नेली. शेटनी त्याला च्या पाजला."

गोटा फरशीवर पडून गडगडत गेला. नवसूचं नाव कुमुदिनींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तो आपला शब्द झाला असता. त्यांनी दात आवळून विचारलं, "मग?"

"मामा बोलला, परत पळलीस तं तंगडी मोडीन."

"तुला मामाकडे जायचंय?"

ठमीने त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. कुमुदिनींनी एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने जबानी लिहिली, शब्दाला शब्द. मामानी धरली. मामा बोलला.

साडेचारला नवसूला बेड्या पडल्या. तो ओरडला नाही. "ती म्हनली आसं?" एवढंच त्याने दोनदा विचारलं. मग टोपी डोक्यावर घातली. "ठमी खोटं नाय बोलत," तो स्वतःशीच म्हणाला, आणि शिपाई नेतील तिकडे गेला. मुलीच्या नजरेस पडू नये म्हणून त्याला मागच्या दाराने काढलं.

आता कुमुदिनींना कोर्ट गाठायचं होतं. चौकीतल्या बायका गणपतीच्या बंदोबस्ताला गेलेल्या. ठमीला बालगृहात पोचवणार कोण?

"मी आहे ना, मॅडम," नाथाराव म्हणाले. "तुम्ही निर्धास्त जा."

कुमुदिनी घुटमळल्या. खाकी होती. पण जबानी तर झाली होती, आणि घड्याळ थांबत नव्हतं. त्यांनी ठमीची वेणी सारखी केली. एक पोर आपण वाचवली, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि त्या आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते.

"मामा आता तुला कधीच नेणार नाही," त्या म्हणाल्या. ठमी पहिल्यांदा हसली.

त्यांनी दार उघडलं. "यांच्याबरोबर जायचं हं."

ठमीची नजर बुटांवरून पट्ट्यावर गेली, पट्ट्यावरून चेहऱ्यावर. ती रडली नाही. कुमुदिनींचं बोट तिने आपणहून सोडलं आणि नाथारावांच्या हातात हात दिला.

"आता नाय पळनार मी, मामा," ती म्हणाली. "तंगडी नको मोडू."